साधं नेसा, पण मुद्दाम नेसा: बेळगाव भागातल्या लग्नांसाठी

खानापूरकडच्या एका लग्नात मांडवात पाऊल ठेवलं आणि आत्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अगं, अक्षतेला आलीस की दवाखान्यात कुणाला बघायला?" अंगावर राखाडी लिननची साडी होती. काठ नाही, पदरावर काही नाही. कानात चांदीचे दोन ठिपके, मनगटावर घड्याळ, बस्स. मला स्वतःला ती साडी फार आवडायची. पंगत बसेपर्यंत आणखी तिघींनी आडून आडून चौकशी केली, "घरात सगळं बरं हाय न्हवं?"

त्या चौकशीत खोच नव्हती, काळजी होती, आणि तेच मला जास्त लागलं. आपल्याकडे लग्नातलं नेसणं म्हणजे यजमानाला दिलेला मान. काठ, कुंकू, बांगड्या, गजरा हे सगळं "तुमच्या घरचं कार्य मला माझं वाटतं" असं न बोलता सांगतं. मी त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून लोकांनी आपापला अर्थ लावला: ही आजारी तरी आहे, नाहीतर रुसलेली.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. चकचकीत खडे, जाळीची साडी, पदरावर मावेल तेवढी एम्ब्रॉयडरी ह्यांचा मला आजही कंटाळाच आहे. पण तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा ढीग लागला की आता घाम फुटत नाही. साधं राहूनही मान देता येतो, आणि त्यासाठी लागणारं सगळं आपल्याच भागात विणलं, शिवलं जातं हे उशिरा कळलं. जे जमलं ते सविस्तर लिहिते. बहुतेक भाग बायकांसाठी आहे, कारण बोलणी आम्हालाच जास्त बसतात.

पत्रिका नीट वाचा

कपाट उघडायच्या आधी पत्रिका उघडा. सगळ्यात आधी नातं बघा. माझा एक घरगुती नियम आहे: नातं जितकं जवळचं, तितका काठ रुंद. ऑफिसातल्या कलीगच्या लग्नाला दोन बोटं काठ पुरतो. चुलत-मावस भावंडांना चार बोटं. सख्ख्या बहिणीच्या किंवा दिराच्या लग्नाला वीतभर काठाला पर्याय नाही, तिथं साधेपणा दुसरीकडे कुठंतरी सांभाळायचा. हसण्यावारी नेऊ नका, हा नियम मला कधी फसला नाही.

मग वेळ. आपल्याकडे अक्षता बहुतेक दुपारी बारा ते एकच्या आसपास. भर उन्हात उघड्या मांडवात आर्ट सिल्क इतकं चमकतं की फोटोत नुसता पांढरा पट्टा दिसतो, आणि अंगात हवा जात नाही ती वेगळीच. दुपारसाठी सुती किंवा सुती-रेशमी, गडद रंगात. रात्रीच्या रिसेप्शनला उलटं होतं. हॉलमधल्या पांढऱ्या दिव्यांखाली फिके रंग धुऊन निघतात. मोतिया, फिका गुलाबी, राखाडी असे आपल्यासारख्यांचे लाडके रंग तिथं थकल्यासारखे दिसतात. रात्री जांभळा, बाटली हिरवा, डाळिंबी नेसा, अंग कोरं असलं तरी उठून दिसतं.

ठिकाणही बघा. बेळगाव शहरातला हॉल आणि अथणीकडच्या गावातला मांडव ह्यांत फरक आहे. हॉलमध्ये खुर्ची मिळते, गावात कदाचित जमखान्यावर मांडी घालून दोन तास. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी गारठा असतो. त्याच काळात लग्नाच्या साडीवर ऑफिसचं स्वेटर चढवणाऱ्या बायका दिसतात आणि सगळी मेहनत त्या स्वेटरखाली जाते. एक साधी, एकरंगी लोकरी शाल जवळ असू द्या. एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस धरायचा, त्याचं पुढं चपलांमध्ये सांगते.

आणि लग्न कोणाचं आहे? आपल्या भागात एका सीझनमध्ये मराठा, लिंगायत, जैन, ख्रिश्चन, मुसलमान अशा सगळ्या घरची आमंत्रणं येतात, पत्रिका एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. लिंगायत मैत्रिणीच्या घरी काठपदराची साडी नेसून गेलात की निम्मं काम झालं, तिथं इरकल साडीचं कौतुक आपल्यापेक्षा जास्त जाणत्या नजरेनं होतं. निपाणी-चिकोडीकडच्या काही जैन घरांमध्ये अहिंसेमुळं रेशीम वापरत नाहीत. तिथं आपण सुती नेसून गेलो तर कुणी नाक मुरडत नाही, उलट बरं वाटतं. चर्चमधल्या लग्नाला पांढरं आणि मोतिया टाळा, तो नवरीचा रंग.

चार गोष्टींवर वाद घालू नका

काळा रंग नको. संक्रांतीला काळी चंद्रकळा मिरवणारी तीच मावशी अक्षतेला काळी साडी बघून गप्प होते. गडद निळ्यावरही सावध राहा, मांडवाच्या सावलीत तो काळाच दिसतो. कोरी पांढरी साडीही गावाकडच्या लग्नात नको. लाल काठ असेल तर पांढऱ्याला माफी आहे, तीही हॉलमध्ये.

मनगट रिकामं ठेवू नका. इथं पैशाचा प्रश्नच नाही. काचेच्या हिरव्या बांगड्या, प्रत्येक हातात सहा-सात, कासाराकडून मापात भरून घेतलेल्या. साध्या काचेच्या, सोनेरी टिकल्या नसलेल्या मागा. साधेपणाच्या दृष्टीनं इतका सुंदर दागिना दुसरा नाही: एक रंग, एक आकार, आणि हलला की बारीक आवाज. घड्याळ पर्समध्ये टाका. बांगड्यांशेजारी स्मार्टवॉच असलं की वाटतं बाई मीटिंगमधून उठून आली.

चौथी गोष्ट केस. मोकळे केस हॉलमध्ये चालतात, मांडवात आजी-काकूंना खटकतात. शिवाय उन्हाळ्यात मानेला चिकटतात. घट्ट अंबाडा आणि त्याभोवती एकच गजरा, मोगऱ्याचा नाहीतर अबोलीचा. अबोलीला वास नाही, पण तिचा केशरी रंग गडद साडीवर जे करतो ते दागिन्याला जमत नाही. दोन्ही एकत्र गुंफलेला रंगीबेरंगी गजरा मात्र नको.

कुंकवाबद्दल मी काही सांगणार नाही. माझी एक काकू, काका गेल्यावर, पहिल्याच लग्नात बिनगजऱ्याची कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होती आणि तिच्या साधेपणाला कुणी "काय सुंदर साधी राहते" म्हटलं नाही. साधं राहणं ही माझी आवड आहे. तिच्यावर ते लादलेलं होतं. पुढच्या लग्नात आम्ही भाच्या-पुतण्यांनी तिच्या अंबाड्यात मोगरा माळला, दोघी-तिघी कुजबुजल्या, मग पंगत बसली. साडी निवडताना एवढं मनात असू द्या.

इरकल: निम्मं उत्तर इथंच आहे

आता मुख्य गोष्ट. साधी साडी म्हणून आपण लिनन शोधतो, कुठल्या कुठल्या शहरांतून मागवतो. आणि आपल्या आज्या रोज जी नेसत होत्या ती इरकल कपाटाच्या तळाशी. बागलकोट जिल्ह्यातलं इळकल हे तिचं गाव, आपण मराठीत इरकल म्हणतो. तिच्याकडे एकदा नीट बघा: अंग कोरं किंवा बारीक चौकड्याचं, काठ ठसठशीत, पदर लाल-पांढरा. अंगावर बुट्टी नाही, जरतार जवळजवळ नाही. सगळा जोर दोन ठिकाणी, बाकी शांत. मला जे हवं होतं ते आजीच्या ट्रंकेत होतं.

अस्सल इरकल ओळखायची खूण पदराच्या जोडावर असते. पदर जिथं सुरू होतो तिथं बोटाचं टोक आडवं फिरवा. बारीकशी उंचवट्याची रेघ बोटाला लागते, शिवणीसारखी पण शिवण नव्हे. ही कोंडी. साडीच्या अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळा, बहुतेकदा सुती, आणि पदराचा वेगळा, रेशमी किंवा आर्ट सिल्कचा. विणायला बसण्याआधी विणकर हे दोन ताणे धाग्यात धागा अडकवून, फासे घालून जोडतात. म्हणजे हा जोड प्रत्येक साडीला नव्यानं करावा लागतो, एक लांबलचक ताणा चढवून दहा साड्या काढता येत नाहीत. दुकानात मी पहिल्यांदा तिथंच बोट फिरवते. रेघ लागली नाही, पदर नुसता रंग बदलून पुढं गेलेला असला, तर ती इरकलीच्या नमुन्याची साडी आहे. वाईट म्हणत नाही, पण किंमत तशीच द्या.

पदर म्हणजे तोप-तेणी. लाल पट्टे, मधे पांढरे, आणि त्यांच्या कडेला फणीचे दाते, किल्ल्याचे बुरूज, जोंधळ्याची कणसं वाटावीत अशी नक्षी. काठाला नावं आहेत: चिक्की परास, गोमी, गाडी. दुकानदाराला नाव घेऊन विचारलं की तो वरच्या फळीवरचा गठ्ठा खाली काढतो. साधं हवं असेल तर चिक्की परास मागा, त्याची नक्षी आटोपशीर असते. रंगात डाळिंबी, मोरपंखी हिरवा आणि कुंकवाचा जर्द लाल, ज्याला गिरीकुंकुम म्हणतात, हे लग्नाचे.

सूत कुठलं घ्यायचं? मला सगळ्यात उपयोगी पडलेली म्हणजे सुती अंग आणि रेशमी पदराची. दुपारच्या अक्षतेला गरम होत नाही, घडी राहते. पूर्ण रेशमी इरकल एकच घ्या, घरच्या लग्नांसाठी, आणि घेताना शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल बघा. हातमाग आणि यंत्रमाग, शुद्ध रेशीम आणि आर्ट सिल्क ह्यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक असतो. "प्युअर हाय, अक्का" एवढ्या शब्दांवर पैसे देऊ नका. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात गल्लीतून जाताना मागाचा खटखटाट अजून ऐकू येतो. विणणाऱ्यांच्या घरीच साडी बघायला मिळाली तर अवश्य बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटपेक्षा दारातल्या उजेडात रंग खरा दिसतो.

नवी सुती इरकल खळीमुळं कडक असते आणि निऱ्या पुढं फुगतात. थेट लग्नाला नेसू नका. आधी घरी दोन तास नेसून वावरा. स्वयंपाक करा, केर काढा. मग हलकी इस्त्री. अंगाची घडी मोडली की ती नीट पडते. पहिली धुलाई एकटी, गार पाण्यात, आणि झटपट: लाल काठाचा रंग अंगात उतरला तर उपाय नाही.

इरकलीवर थोडं काम हवंच असेल, म्हणजे नातं फार जवळचं असेल, तर धारवाडी कसूती करून घ्या. धागे मोजून, कापडावर न आखता, गाठ न मारता भरलेलं काम. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी असे चार टाके. गवंती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, पदर उलटला तरी फरक कळत नाही. भरायला सांगताना "पदरावर एकच ओळ" सांगा. सगळीकडे हत्ती, मोर, तुळशीवृंदावन, गोपुर आणि पालख्या भरल्या की परत आपण होतो तिथंच आलो. आणि कसूतीला वेळ लागतो. लग्न ठरल्याबरोबर द्या, पत्रिका हातात आल्यावर नाही.

खण आणि शिंपी

साडी शांत असली की नजर ब्लाउजवर जाते. गुळेदगुड्डचा खण हा तिचा जुना जोडीदार. गुळेदगुड्डही बागलकोट जिल्ह्यातलंच. कापडावर बारीक ठिपक्यांची नक्षी विणलेली असते, काठ असतो, आणि लांबून ते एकरंगी दिसतं. म्हणजे जवळच्याला नक्षी, लांबच्याला साधं. ओटीत येणाऱ्या खणांचे ब्लाउज शिवता येतात, फक्त पन्हा अरुंद असतो. शिंप्याला कापड दाखवून विचारा, किती खण लागतील, आणि काठ बाहीला घ्यायचा की पाठीला.

आता माझी फजिती. एका सख्ख्या नात्यातल्या लग्नाला मोरपंखी खण दिला, बारा दिवस आधी. शिंप्यानं "व्हतंय की" म्हटलं. अक्षतेच्या आदल्या रात्री नऊ वाजता ब्लाउज हातात आला तेव्हा पाठीला मोती, बाहीला लटकन, गळ्याला सोनेरी पायपिंग. म्हणाला, "अक्का, साधाच दिसत व्हता, म्हणून जरा चांगला करून दिलो." त्याच्या बाजूनं तो खरा होता. कुणी त्याला कमी करायला सांगतच नाही. ती रात्र मी कात्रीनं मोती उसवत काढली, आणि उसवलेल्या ठिकाणी बारीक भोकं राहिली ती कायमचीच.

तेव्हापासून मी तोंडी सांगत नाही. जुना, अंगाला नीट बसणारा एक ब्लाउज नमुना म्हणून देते आणि चिठ्ठीत लिहून टाचणीनं कापडाला लावते: बाही कोपरापर्यंत, गळा गोल, पाठ बंद किंवा चार बोटं खोल, पायपिंग नाही, लटकन नाही, मोती नाही. अस्तर आधी पाण्यात भिजवून वाळवलेलं. फॉललाही तेच, नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि साडीचा खालचा काठ चुण्या पडून वर ओढला जातो. भरजरी साडीत हे लपतं. कोऱ्या साडीत लगेच दिसतं.

सीझनमध्ये तीन आठवडे आधी द्या, आणि लग्नाच्या चार दिवस आधी घालून बघा. काखेत ओढतो का, हात वर करून अक्षता टाकल्यावर ब्लाउज वर सरकतो का. हे हात वर करून बघणं कुणी करत नाही आणि मग मांडवात सगळ्या एका हातानं अक्षता टाकतात, दुसऱ्यानं पदर धरतात. परकर साडीच्या अंगाच्या रंगाचा, सुती, आणि जमिनीपासून दोन बोटं वर.

दागिना एक, तोही जुना

सेट घेऊ नका. हार, कानातले, अंगठी, बिंदी सगळं एकाच नक्षीचं असलं की ते डब्यातून काढून लावल्यासारखं दिसतं. एकच दागिना घाला, त्याला जागा द्या.

माझा अनुभव असा की साध्या साडीवर गळ्यालगतचा दागिना चांगला बसतो: ठुशी, वज्रटीक किंवा चिंचपेटी. लांब घालायचं तर नुसती बोरमाळ किंवा मोहनमाळ. ठुशी आणि बोरमाळ दोन्ही घालायचा मोह होतो, तेव्हा आरशासमोर उभं राहून एक काढा. कुठली काढली ह्यानं फारसं बिघडत नाही. कानात कुड्या, मोत्यांच्या, लहान. नथ जवळच्या लग्नात घाला, लांबच्या लग्नात घातली तर लोक तुम्हाला करवली समजून पाणी मागतात. मंगळसूत्र रोजचंच राहू द्या. ठुशीबरोबर त्याची गर्दी होत असेल तर आखूड, दोन वाट्यांचं.

एक ग्रॅम सोन्याचं काही घालायला हरकत नाही, पण मोठा आकार घेऊ नका. सासूची किंवा आईची एखादी झिजलेली टीक मागून घालण्यात जी मजा आहे ती वेगळीच. चार बायका ओळखतात, "ही तुझ्या आईची की," म्हणून हात लावून बघतात, आणि तुमच्या साध्या साडीचा विषयच निघत नाही. मागून आणलेला दागिना त्याच संध्याकाळी परत करायचा, एवढं पाळा.

पायात काय

कोल्हापुरी म्हटलं की आपण कोल्हापूरकडे बघतो. 2019 साली कोल्हापुरी चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आपल्या जिल्ह्यात अथणी, निपाणीकडे ह्या चपला पिढ्यान्‌पिढ्या बनतात. वरच्या पट्ट्यावर सोनेरी वेणी, गोंडा नसलेली, नुसत्या चामड्याच्या रंगाची जोडी मागा. इरकलीखाली तिच्यासारखं काही नाही.

नवी जोडी लग्नाच्या दिवशी घालू नका, अंगठा सोलतो. आठवडाभर आधी आतून-बाहेरून थोडं एरंडेल किंवा खोबरेल लावा, रात्रभर ठेवा, मग घरात घाला. आणि वळवाच्या दिवसांत खानापूर, चंदगडकडच्या लग्नाला नेऊच नका. भिजलं की चामडं फुगतं, तळ सुटतो. त्या दिवसांत साधी काळी-तपकिरी, पट्ट्याची, धुता येईल अशी चप्पल. साडीच्या काठाखाली ती कोण बघतंय? वडापनं (शेअर जीपनं) किंवा बसनं जायचं असेल तर निऱ्या थोड्या वर खोचून जा आणि मांडवाजवळ सोडा. मांडवाबाहेर चपला काढायच्या असतात तिथं नवी कोल्हापुरी भिंतीच्या टोकाला, आणि जोडी वेगवेगळी ठेवायची, हा माझ्या वडिलांचा सल्ला. त्यांची जोडी दोनदा गेली आहे.

मानाची साडी

सगळं ठरवलं आणि आदल्या दिवशी यजमानांकडून पिशवी येते: मानाची साडी, तुमच्या नशिबी गुलाबी नेट आणि टिकल्या. आता तर हळदीला सगळ्यांनी एकाच पिवळ्याचं, रिसेप्शनला सगळ्या जावांनी एकाच वाइन रंगाचं, असं चालतं. इथं तत्त्व मिरवू नका. साडी देणाऱ्याचा हात बघायचा असतो. ती अक्षतेला नेसा, पण तुमच्या साध्या ब्लाउजवर, एकच ठुशी, अंबाडा. निम्मी चमक तिथंच उतरते. जेवणं झाल्यावर बदलायची मुभा असते. पिवळ्याचं म्हणाल तर कोरी पिवळी सुती साडी एकदा घेऊन ठेवा, सगळ्या हळदींना चालते आणि डाग पडले तरी कळत नाहीत.

घरातल्यांशी आधी बोलून ठेवा. मी सासूबाईंना लग्नाच्या आठवडाभर आधी पलंगावर साडी पसरून दाखवते.

"आई, हीच नेसतो लग्नाला. बघा बरं."

"साधीच हाय की गं ही."

"काठ बघा की. आणि तुमची टीक घालणार."

"टीक घालणार व्हय? मग बरी दिसतीया. बांगड्या मातर भर हां."

टीक मागितली की त्या आमच्या बाजूला येतात, आणि मांडवात कुणी काही बोललंच तर उत्तर त्याच देतात. मला तोंड उघडावं लागत नाही.

पुरुषांसाठी, थोडक्यात

तुमचं सोपं आहे, तरी बिघडवता. शेरवानी, ब्रोच, टोकदार बूट ह्यांची गरज फक्त नवऱ्या मुलाला. बाकीच्यांना पांढरा किंवा मोतिया खादीचा सदरा, स्वच्छ धोतर किंवा पायजमा, वर एकरंगी जाकीट. बेळगावला 1924 साली काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनाचे. पुढं 1937 साली ते आपल्या जिल्ह्यातल्या हुदलीला येऊन राहिले, आणि हुदलीचं खादीचं काम अजून चालू आहे. तिथल्या जाड खादीचा सदरा कडक इस्त्रीचा असला की शेजारचा चमकता सूट उगाच घाम गाळत बसल्यासारखा दिसतो. खादी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून कापड भिजवून मगच शिवायला द्या. फेटा बांधायला माणूस उभा असेल तर नाही म्हणू नका, तो मान आहे. आहेरात टोपी-टॉवेल मिळाला की टोपी तिथंच डोक्यावर घाला, खिशात कोंबू नका.

आणि नवरीच तुम्ही असाल तर

मग घरच्यांशी वाटाघाट करा, पण सगळ्या विधींवर नको. अक्षतेला घरचं जे असेल ते, हिरवा चुडा, मुंडावळ्या, पिवळी किंवा हिरवी साडी, जसं आई-आजी म्हणतील तसं. तो दिवस त्यांचाही आहे. तुमचं म्हणणं साखरपुडा आणि रिसेप्शनसाठी राखून ठेवा. शालू घ्यायचाच असेल तर अंग कोरं, काठ-पदर भरलेला असा घ्या. पुढच्या वीस वर्षांत तो निदान पाच-सहा लग्नांत निघेल. भरगच्च शालू दुसऱ्यांदा नेसलेली बाई मी अजून बघितली नाही. गिरीकुंकुम इरकल नेसून अक्षतेला उभी राहिलेली एक मैत्रीण मात्र बघितली आहे. तिच्या मुंडावळ्या आणि त्या लाल साडीपुढं स्टेजवरची फुलंच जास्त वाटत होती.

घरी आल्यावर

साडी लगेच घडी करू नका. रात्रभर सावलीत, वाऱ्यावर टांगा, घाम आणि मांडवाचा धूर जाऊ द्या. अत्तर किंवा स्प्रे साडीवर मारला असेल तर पुढच्या वेळी मानेला लावा, जरीवर डाग पडतात. घडी घालून मलमलच्या जुन्या पंच्यात बांधा, प्लास्टिकमध्ये नको, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं.

हळदीचा डाग पडला असेल तर घाईनं साबण लावू नका. साबण लागला की हळद लालभडक होते आणि मग घरभर ओरड. सुती साडी असेल तर आधी नुसत्या गार पाण्यानं धुवा. साबण लावलाच आणि लाल झाली तर घाबरू नका, भरपूर पाण्यात काढून उन्हात वाळत घाला, दोन-तीन उन्हांत हळद आपोआप उडते. रेशमाला मात्र ऊन लावायचं नाही, त्याचा स्वतःचाच रंग जातो. रेशमी साडी डाग न चोळता तशीच ड्रायक्लीनला द्या, आणि देताना डाग कुठं आहे तिथं दोरा बांधून द्या.